प्रोसेसर तापतोय? पंखा उतरवून खाली बघा

सोलापूरच्या मे महिन्यात कॉम्प्युटर थोडा तापणारच. पण टॅली उघडलं तरी पंखा घरघरायला लागला, काम रेंगाळायला लागलं, तेव्हा बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, जाऊन बघितलं. नुसता चालू ठेवलेला प्रोसेसर ८० अंशांच्या वर! फार तापला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, म्हणून मशीन मंद.

बटण बंद करून, प्लग काढून कॅबिनेट उघडलं. पंखा वरून बरा दिसत होता. तो उतरवला तर खाली हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये करड्या तंतूंची गादीच! शेजारी यंत्रमाग, टॉवेलचा कापूस दिवसभर उडतो. दुसरं काय होणार? चिमट्याने थर अलगद उचलला, उरलेलं ब्रशने झाडलं. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर गरगर फिरून बेअरिंग जातं.

मग हीटसिंकही काढला. त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली, उष्णता पुढे नेणारी जुनी थर्मल पेस्ट पार सुकलेली. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नव्या पेस्टचा वाटाण्यापेक्षा लहान ठिपका प्रोसेसरच्या मधोमध ठेवला. जास्त लावून फायदा नाही, बाहेर ओघळते.

तापमान आता ५० च्या आत. एवढं करूनही घरघर राहिलीच, तर तेल घालत बसू नका, सरळ पंखा बदला.