लिहिलं नाही म्हणजे केलं नाही: आयल्ट्सच्या रीडिंगची माझी तयारी

आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत पहिल्या वेळी माझा निकाल असा होता: लिसनिंग 7, स्पीकिंग 7, रायटिंग 6.5 आणि रीडिंग 6. युकेत नर्स म्हणून नोंदणी करायची तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला आयल्ट्स अकॅडमिकमध्ये रीडिंग, लिसनिंग आणि स्पीकिंगला 7, रायटिंगला 6.5 लागतात. म्हणजे तीन ठिकाणी अगदी काठावर तरले आणि चौथ्या ठिकाणी बुडाले. बुडाले तेही कुठे, तर वाचण्यात! माझी दहावी जत तालुक्यातल्या मराठी शाळेतली, पुढे जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. वॉर्डात सगळ्यांना वाटत होतं की मी बोलताना अडखळणार. आई तर म्हणाली, "अगं, वाचायला काय लागतं? कागद तर समोरच असतो."

कागद समोर असतो हे खरं. तीन पॅसेज, 40 प्रश्न, 60 मिनिटं. तिन्ही पॅसेज मिळून दोन-अडीच हजार शब्द होतात. साधारण 30 उत्तरं बरोबर आली की 7 बँड, म्हणजे 7 हा गुण, मिळतो. शब्द अडले म्हणून मी नापास झाले असं मला तेव्हा वाटलं. मग मी काय केलं, तर शब्दांची यादी पाठ करायला घेतली. रोज 20 शब्द, दोन महिने. पुन्हा सराव पेपर सोडवला तर 25 बरोबर. यादीच्या आधीही 25च यायचे.

तेव्हा कुठे मी चुकलेली उत्तरं एकेक करून तपासायला बसले. हे काम मी आधी कधीच केलं नव्हतं. उत्तरपत्रिकेशी ताळा करायचा, मार्क मोजायचे, हळहळायचं आणि पुढचा पेपर घ्यायचा, एवढंच चालायचं. त्या 15 चुकांपैकी शब्द माहीत नसल्यामुळे झालेल्या चुका होत्या तीन. सात चुका 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन' या एकाच प्रकारात होत्या. आणि त्या सातांपैकी पाच ठिकाणी उत्तर होतं 'नॉट गिव्हन'.

नवीन लोकांसाठी सांगते. विधान पॅसेजशी जुळलं तर ट्रू, पॅसेजच्या विरुद्ध गेलं तर फॉल्स, आणि पॅसेज त्याबद्दल काहीच बोलत नसेल तर नॉट गिव्हन. ऐकायला सोपं आहे. चूक कशी होते ते एका उदाहरणावरून बघा, हे मीच तयार केलंय. समजा पॅसेजमध्ये एवढंच आहे की 1847 मध्ये व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलमध्ये झेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने सहकाऱ्यांना क्लोरिनेटेड लाइमच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू घटले. विधान आहे: 'सहकाऱ्यांनी ही पद्धत आनंदाने स्वीकारली.' मी डोळे मिटून फॉल्स लिहिलं असतं, कारण त्या बिचाऱ्याला किती विरोध झाला हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकलेलं असतं. पण पॅसेजमध्ये ते आहे का? नाही. मग उत्तर नॉट गिव्हन. माझं ज्ञान बरोबर, उत्तर चूक. आरोग्यावरचा पॅसेज आला की मला आनंद व्हायचा आणि नेमके तिथेच माझे मार्क जायचे.

ही गाठ सुटली ती नाईट ड्युटीला. सकाळच्या हँडओव्हरच्या आधी मी टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाच्या नोंदींचा तक्ता, बघत होते. एका पेशंटला रात्री 10 वाजता 101 ताप, सकाळी 6 वाजता 98.6. मधला 2 वाजताचा रकाना कोरा. ज्युनिअर म्हणाली, "मी बघितला होता हो ताप, लिहायचा राहिला." आमच्या जुन्या इनचार्ज सिस्टरांचं वाक्य माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं: "लिहिलं नाहीस ना? मग केलं नाहीस." आणि तिथेच डोक्यात ट्यूब पेटली. 'सहा वाजता ताप होता' हे विधान फॉल्स, कारण चार्टवर 98.6 लिहिलंय. 'दोन वाजता ताप होता' हे नॉट गिव्हन. दहाला 101 होता म्हणजे दोनला थोडा तरी असणारच, हा माझा अंदाज. अंदाजावर आपण पॅरासिटामॉल देत नाही. मग उत्तर तरी का द्यायचं?

त्या दिवसापासून नियम केला. पॅसेजमधल्या कोणत्या ओळीवरून उत्तर दिलं, ती ओळ पेन्सिलीने अधोरेखित करता आली पाहिजे. ट्रूसाठीही ओळ हवी, फॉल्ससाठीही हवी. ओळ सापडत नसेल तर नॉट गिव्हन. या प्रकारात विधानं पॅसेजच्या क्रमाने येतात, त्यामुळे चौथं आणि सहावं सापडलं की पाचवं त्यांच्यामध्येच शोधायचं. तिथे नसेल तर सगळा पॅसेज धुंडाळत बसू नका. नॉट गिव्हन लिहा आणि पुढे चला.

दुसरी गोष्ट मराठी माध्यमवाल्यांसाठी. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपण वाक्य संपेपर्यंत थांबून मग अर्थ लावतो. इंग्रजीच्या तीन ओळींच्या वाक्यात तसं केलं की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. मग परत पहिल्यापासून. माझी निम्मी मिनिटं त्यातच जायची. मी लांब वाक्यात आधी कर्ता आणि मुख्य क्रियापद शोधायला लागले, 'कोणी काय केलं' एवढंच. 'हू' आणि 'विच'ने सुरू होणारी शेपटं नंतर. सुरुवातीला पेन्सिलीने गोल करायचे, महिनाभराने डोळ्यांनाच सवय लागली.

आणि 'नॉट' नसलेले नकार! 'हार्डली', 'बेअरली', 'फेल्ड टू', 'फार फ्रॉम'. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांत तर एका अक्षराचा फरक: 'अ फ्यू' म्हणजे काही थोडे आहेत, नुसतं 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहीतच. शब्दांच्या यादीत हे नसतात, कारण हे 'अवघड' शब्द नाहीत. मला मात्र यांनीच पाडलं. तसेच 'सम', 'मोस्ट', 'ओन्ली', 'ऑल्वेज'. पॅसेजमध्ये काही संशोधक म्हणतात आणि विधानात सगळे म्हणतात, तर ते जुळत नाही.

हेडिंग जुळवायच्या, म्हणजे दिलेल्या यादीतून प्रत्येक परिच्छेदाला शीर्षक निवडायच्या, प्रश्नांबद्दल एक तक्रार. मी ज्या क्लासला जायचे तिथे शिकवलं होतं की परिच्छेदाची पहिली ओळ वाचायची आणि हेडिंग टाकायचं. वेळ वाचतो म्हणे. पण पहिल्या ओळीत लोकांचा जुना समज असतो आणि दुसरी ओळ 'हाउएव्हर'ने सुरू होते, असं सारखं घडतं. मग हेडिंग त्या समजाचं नसून पुढच्या खंडनाचं असतं. मी पूर्ण परिच्छेद भरभर वाचते आणि मनात मराठीत चार शब्दांचं शीर्षक देते, मग यादीत बघते. आधी यादी बघितली की प्रत्येक हेडिंग बरोबर वाटायला लागतं.

सरावाचं म्हणाल तर, पेपरांचा ढीग लागत नाही. केंब्रिजच्या सराव पुस्तकांत प्रत्येकी चार टेस्ट असतात. दोन पुस्तकं मला तीन महिने पुरली. एक टेस्ट दोनदा सोडवायची. पहिल्यांदा घड्याळ लावून. मग उत्तरं न बघता दुसऱ्या दिवशी तीच टेस्ट, वेळेचं बंधन न ठेवता, वेगळ्या रंगाच्या पेनने. त्यानंतरच उत्तरपत्रिका उघडायची. घड्याळ लावून चुकलं पण सावकाश सोडवताना बरोबर आलं, तर अडचण वेगाची. दोन्ही वेळा चुकलं तर अडचण समजुतीची. दोन्हींचा उपाय वेगळा आहे.

चुकांची वही ठेवली होती. त्यात प्रश्नाचा प्रकार, मी काय लिहिलं, खरं उत्तर कोणत्या ओळीत होतं आणि मी का फसले. 'का' या रकान्यात 'घाई' लिहायला मी स्वतःला बंदी केली होती. 'घाई' लिहिलं की पुढे काही सुधारत नाही. 'प्रश्नातला ओन्ली वाचला नाही' असं लिहिलं की पुढच्या वेळी ओन्ली दिसतो.

वेळेची वाटणी 15, 20, 25 मिनिटं. पॅसेज चढत्या क्रमाने अवघड होतात, त्यामुळे सरसकट वीस-वीस मला जमलं नाही. रीडिंगमध्ये उत्तरं उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही हेही लक्षात ठेवा. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही जागा कोरी सोडू नका. आणि 'नो मोअर दॅन टू वर्ड्स' म्हटलं असेल तर तीन शब्दांचं अचूक उत्तरही चूकच. स्पेलिंग पॅसेजमधून बघून जसंच्या तसं उचला, अनेकवचनाच्या 'एस'सकट.

एक फजिती. मी सगळा सराव झेरॉक्सवर केला आणि फॉर्म भरला कम्प्युटरवरच्या परीक्षेचा. स्क्रीनवर डावीकडे पॅसेज, उजवीकडे प्रश्न, दोन्ही वेगवेगळे सरकवायचे. पॅसेजवर पेन्सिल चालवता येत नसल्यामुळे पहिली दहा मिनिटं मला वाचताच येईना. दुसऱ्या वेळी शेवटच्या तीन आठवड्यांत लॅपटॉपवर सराव केला, माउसने ओळ रंगवायची सवय लावली. तुम्ही ज्यावर परीक्षा देणार, शेवटचा सराव त्यावरच करा.

दुसऱ्यांदा पुण्याला गेले तेव्हा तिसरा पॅसेज संपल्यावर चार मिनिटं उरली होती. दोन कोऱ्या जागा भरल्या, एक फॉल्स खोडून नॉट गिव्हन केलं. रीडिंग 7.5 आलं. रायटिंग मात्र 6.5 वरून 6 वर घसरलं, कारण तीन महिने तिकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. तिसऱ्यांदा फी भरली.