अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल घरबसल्या कसा वाचावा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या अनेक घरांतली मुले एच-वन-बी व्हिसावर अमेरिकेत आहेत आणि तिकडच्या न्यायालयाची बातमी आली की इकडे आईवडिलांची झोप उडते. २७ जून २०२५ रोजी ‘ट्रम्प विरुद्ध कासा’ या खटल्याचा निकाल लागला, तेव्हा टिळकवाडीत आमच्या शेजारच्या काकूंच्या फोनवर ‘जन्माने मिळणारे नागरिकत्व रद्द’ असा मेसेज आला. त्यांच्या सुनेला तेव्हा सातवा महिना होता. तो मेसेज चुकीचा होता. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून दिल्लीत असल्यामुळे ‘तारीख पडली’ आणि ‘निकाल लागला’ यांतला फरक आपल्याकडे कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. तीच नजर इथे वापरायची आहे.

न्यायालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून निकालाची पीडीएफ उतरवून घ्यावी. सुरुवातीला ‘सिलॅबस’ नावाचा सारांश असतो. तो निकालाचा भाग नाही, वाचकांच्या सोयीसाठी केलेला आहे, अशी टीप तिथेच छापलेली असते. त्यात ‘हेल्ड’ हा शब्द शोधावा. न्यायालयाने काय ठरवले ते त्याच्यापुढे येते.

त्याआधी मात्र न्यायालयापुढे प्रश्न कोणता होता, हे नीट पाहावे, कारण बहुतेक घोटाळा इथेच होतो. २० जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाप्रमाणे आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर राहत असेल आणि वडील नागरिक वा ग्रीनकार्डधारक नसतील, तर तिथे जन्मलेल्या बाळाला नागरिक मानायचे नव्हते. म्हणजे एच-वन-बीवरची जोडपीही त्यात येत होती. परंतु जूनच्या निकालात प्रश्न एवढाच होता, की एखाद्या जिल्हा न्यायाधीशाला खटल्यात नसलेल्यांसाठीही देशभर मनाई हुकूम देता येतो का. बहुधा तसा अधिकार नाही, असे सहा विरुद्ध तीन मतांनी ठरले. जन्माने नागरिकत्व देणारी १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती आणि परदेशी आईवडिलांच्या, तिथेच जन्मलेल्या मुलाला नागरिक ठरवणारा १८९८ चा वाँग किम आर्क निकाल यांच्यापुढे तो आदेश टिकतो का, या मूळ प्रश्नाला त्या दिवशी हातच घातला गेला नाही. त्यानंतरचा प्रत्येक निकाल याच रीतीने वेगळा उघडून वाचावा.

मेसेजमधले वाक्य कोणाचे आहे, हे पानाच्या वरच्या पट्टीवरून कळते. तिथे न्यायमूर्तीच्या नावापुढे ‘डिसेंटिंग’ असेल, तर ते मत अल्पमतातले आहे. आदेश उघडपणे घटनाबाह्य असल्याचे न्या. सोटोमायोर यांनी लिहिले, ते अशाच पानांवर. ते मत कितीही पटले, तरी त्याला न्यायालयाचा हुकूम समजू नये.

जूनमध्ये निकाल वॉशिंग्टनच्या सकाळी दहाला, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेसातला जाहीर होऊ लागतात आणि थोड्याच वेळात संकेतस्थळावर येतात. तेव्हा तिकडे मुले जागी असतात. पीडीएफ पाहून मगच त्यांना फोन लावावा आणि पुढची पावले त्यांच्या तिथल्या वकिलाला विचारूनच टाकायला सांगावीत.