ओव्हनमधून काढलेलं काचेचं भांडं तडकत होतं: माझा अनुभव

नाशिकच्या जानेवारीतल्या थंडीत दोन भांडी गेली. ओटीजीतून (विजेच्या छोट्या ओव्हनमधून) बेक्ड भाजी काढून कडाप्प्याच्या ओट्यावर ठेवली की काही क्षणांत 'टक्' आणि तळाला आडवी चीर. सगळी भाजी टाकून देताना फार जीव तुटला.

आधी जाड काचेचं भांडं घेतलं, तेही तडकलं. जाड काचेत आतला आणि बाहेरचा भाग वेगवेगळ्या वेगाने थंड होतो, त्यामुळे ताण वाढतो. मग ओल्या फडक्यावर ठेवून पाहिलं. ते तर आणखी वाईट.

शेवटी तळावर 'बोरोसिलिकेट' लिहिलेलं भांडं आणलं. ही काच तापल्यावर साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून ताण कमी येतो. नुसतं 'टफन्ड' (प्रक्रिया करून मजबूत केलेली काच) म्हणजे बोरोसिलिकेट नव्हे, हे दुकानात विचारूनच घ्या.

आता क्रम असा: फ्रिजमधलं भांडं आधी अर्धा तास बाहेर. ओव्हन पूर्ण तापल्यावरच आत. ग्रिलचा वरचा रॉड बंद. काढताना हातमोजे कोरडे, आणि ओट्यावर आधीच पोळपाट, त्यावर कोरडा टॉवेल चौपदरी. पूर्ण गार होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही, गार चमचाही नाही. गॅसच्या आचेवर तर कधीच नाही.

तळाला ओरखडा दिसला, तर ते भांडं मी फक्त कोशिंबिरीला वापरते.