जुनी कॉमेडी वाचताना बाई आणि गरीब कसे रंगवलेत ते कसं ओळखायचं

एक सवय लावून घ्या, जिथे हसू आलं तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि बाजूला लिहायचं की आपण हसलो कोणाला, आणि त्या माणसाला उलट बोलायला नाटकात कुठे जागा दिलीये का. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

सुरुवातीला आयरिश नाटककार बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' घ्या, 1913 मधे रंगमंचावर आलं, पुलंची 'ती फुलराणी' त्याच्यावरच बेतलेली. पहिला अंक, लंडनचा पाऊस, फुलवाली एलायझा एका साहेबाला फुलं घ्या म्हणते आणि कोणीतरी मागे उभं राहून आपलं बोलणं टिपून घेतंय हे कळल्यावर रडून गोंधळ घालते. प्रेक्षक हसतो, गावठी पोरीचा तमाशा म्हणून. आता तेच वाक्य परत वाचा. तिला तो पोलिसांचा माणूस वाटतोय, आणि सभ्य पुरुषाशी बोलली एवढ्यावरून आपलं नाव खराब होईल, रस्त्यावर यावं लागेल ही भीती आहे. म्हणजे जिला आपण येडी समजून हसलो तिला कायदा आपल्यापेक्षा चांगला कळलाय! रंगसूचना पण सोडू नका, तिथे लिहिलंय की परवडतं तेवढी ती स्वच्छ आहे. साबणाला पण पैसे पडतात.

मग पैसे कोण कोणाला देतंय ते बघा. ते बोलणं टिपणारा हिगिन्स हा उच्चारांचा प्रोफेसर, एलायझाला बोलणं शिकवून लेडी म्हणून खपवायची मित्राशी पैज लावतो आणि तिला घरी ठेवून घेतो. मग तिचा बाप येतो, पोरीचे 5 पौंड मागतो, हिगिन्स 10 द्यायला निघतो तर नको म्हणतो, 10 आले की माणूस जपून वागायला लागतो म्हणे. दारुडा कामचुकार गरीब हा फार जुना साचा, आणि मला विचाराल तर इथे शॉ पण त्यात रमलाय, बापाला भाषण झकास दिलंय पण पोरगी विकली जातेय हे हशात वाहून जातं. अशी जागा सापडली की सरळ तसं लिहा, लेखक मोठा म्हणून सांभाळून घेऊ नका.

चौथ्या अंकात मात्र सावकाश जा. पैज जिंकल्यावर हिगिन्स आणि तो मित्र एलायझाच्या देखत 'संपलं एकदाचं' अशा सुरात बोलत बसतात, तिला कोणी शब्दाने विचारत नाही, आणि ती हिगिन्सच्या सपाता त्याच्याच अंगावर फेकते. मग म्हणते, मी फुलं विकायचे, स्वतःला नाही, आता लेडी केलंत तर विकायला दुसरं काही उरलंच नाही. हीच ती उलट बोलायची जागा. 'ती फुलराणी'तल्या मंजुळाला, म्हणजे मराठीतल्या एलायझाला तर 'तुला शिकवीन चांगलाच धडा' हे अख्खं स्वगत मिळालंय, ते शेजारी ठेवून वाचा.

आणि प्रयोग बघायला गेलात तर शेवटची दोन मिनिटं संहितेशी ताडून बघाच, कारण 1914 ला लंडनमधे हिगिन्स करणाऱ्या नटाने पडदा पडता पडता एलायझाकडे फुलं फेकून त्याची लव्हस्टोरी करून टाकली होती, शॉ भडकला आणि 1916 च्या पुस्तकात त्याने मुद्दाम मागे लिहून ठेवलं की ती हिगिन्सशी नाही, तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीशी लग्न करते.