रॉड एंड वाजतोय? आधी बोल्ट मोजा

कस्टम गाडीच्या सस्पेन्शनमध्ये रॉड एंड (दांड्याच्या टोकाचा सांधा; त्याच्या कड्यात भोक असलेला गोळा फिरतो आणि त्या भोकातून बोल्ट जातो) खडखडू लागला की लगेच नवा मागवू नका. गाडी चाकांवर उभी ठेवून एकाला स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा (मागचा सांधा असेल तर बॉडी) आणि सांध्याला बाहेरून बोट लावा. टकटक बोल्टमधून येते, लॉक नटाच्या (रॉड एंड दांड्यावर पक्का धरणाऱ्या नटाच्या) आट्यांतून की खुद्द गोळ्यातून, ते बोटाला लगेच कळतं.

बहुतेकदा चोर बोल्टच असतो. अर्ध्या इंची, म्हणजे 12.7 मिमी भोकात 12 मिमीचा बोल्ट घातला की 0.7 मिमी ढिलाई तिथंच आली. नट कितीही आवळा, जोराच्या धक्क्याला तो सरकणार. बरोबर मापाचा हाय टेन्साइल (जास्त ताण सोसणारा) बोल्ट घ्या. गोळ्याच्या भोकात आटे येता कामा नयेत, गुळगुळीत दांडाच बसला पाहिजे. ब्रॅकेटमध्ये फट उरत असेल तर उद्यमनगरात लेथवर मापाचे स्पेसर कातून घ्या. वॉशरची चळत लावू नका.

गोळाच हलत असेल तर रॉड एंड बदला. ठोकून घट्ट करणं म्हणजे जीवाशी खेळ. टेफ्लॉन अस्तराच्या सांध्याला ग्रीस नको, त्यावर धूळ चिकटून अस्तर झिजतं. आपल्याकडं उसाच्या हंगामात रस्त्यावर माती असतेच, तेव्हा सांध्यावर रबरी बूट (धूळ अडवणारं आवरण) चढवाच.