शेराचे कुंपण लावताना: छाटापेक्षा चीक सांभाळा

नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर, येवला, नांदगावच्या मुरमाड, कमी पावसाच्या बांधावर शेर, म्हणजे पांढरा चीक असलेले हिरव्या काड्यांचे झाड, चांगला जगतो. पाणी घालावे लागत नाही आणि चिकामुळे शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात मात्र मुळे कुजतात. तिथे शेराच्या नादी लागू नये.

छाट, म्हणजे लावणीसाठी तोडलेली फांदी, मे महिन्यात घ्या. अंगठ्याएवढी जाड, पक्व फांदी दीड ते दोन फुटांवर तोडा. कोवळ्या हिरव्या काड्या नकोत, त्या लवकर सडतात. तोडलेले छाट सावलीत आठवडाभर उभे करून ठेवा. चीक वाळून कापावर कोरडी खपली धरली की ते लावायला तयार. ओला छाट थेट मातीत खुपसणे ही नेहमीची चूक, कारण उघड्या जखमेतूनच कूज शिरते.

बांधावर दीड फूट अंतराने दोन ओळी आखा. ओळीत फुटाफुटावर, नागमोडी पद्धतीने, पहारीने सहा इंच खड्डा करून छाट रोवा आणि माती पायाने दाबा. शंभर फुटांना साधारण 200 छाट लागतात, 20 जास्तीचे ठेवा. निफाडसारख्या काळ्या जमिनीत आधी फूटभर उंच वरंबा करा, म्हणजे बुडाशी पाणी थांबणार नाही. तिथली कडक थंडी कोवळ्या शेंड्यांना सोसत नाही, म्हणून जूनच्या पुढे लावणी ढकलू नये. शेराला काटे नसतात, त्यामुळे पहिली दोन वर्षे बाहेरून तार हवीच. झाड चार फुटांचे झाले की शेंडा मारा, तरच खालून फांद्या फुटून कुंपण दाट होते.

खरा धोका छाटणीच्या दिवशी असतो. चिकाचा एक थेंब डोळ्यात गेला तरी बुबुळाला इजा होते, तात्पुरते आंधळेपणही येऊ शकते. बाजूने बंद असलेला चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा एवढे घाला. वारा पाठीवर घ्या, डोक्यावरची फांदी कोयत्याने तोडू नका, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय कपाळावरचा घामही पुसू नका.

तरीही चीक डोळ्यात गेलाच, तर चोळू नका. लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याखाली किमान 15-20 मिनिटे डोळा धुवा आणि नेत्रतज्ज्ञ गाठा. सोबत फांदीचा फोटो न्या. आग कमी झाली म्हणून घरी थांबू नका, त्रास काही तासांनी वाढतो. घरातले जुने थेंब तर मुळीच घालू नका.

छाटलेल्या फांद्या जाळू नका, धूरही डोळ्यांना झोंबतो. विहिरीत किंवा शेततळ्यात टाकू नका, चिकाने मासे मरतात. आणि मुले खेळतात त्या अंगणाच्या कडेला शेर लावूच नका, तिथे मेंदी लावा.