ब्रॉनस्टाईनचं झुरिक १९५३ चं पुस्तक कसं वाचायचं (आणि अर्धवट कसं सोडायचं नाही)

बुद्धिबळ सिरियसली खेळणाऱ्या कुणालाही विचारा कुठलं पुस्तक वाचू, दहातले निम्मे तरी सोव्हिएत ग्रँडमास्टर डेव्हिड ब्रॉनस्टाईनचं झुरिक १९५३ सांगतात (त्या वर्षीच्या कँडिडेट्सवरचं, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनला आव्हान कोण देणार हे ठरवणाऱ्या स्पर्धेवरचं), आणि त्यांनाच विचारा की तुम्ही पूर्ण वाचलंय का तर गप्प बसतात. कारण सरळ आहे, पुस्तकात २१० डाव आहेत, स्पर्धेतले सगळेच्या सगळे, आणि आपण पहिल्या डावापासून सुरू करतो, सातव्या-आठव्या डावाला दमतो आणि पुस्तक कपाटात जातं. माझं दोनदा तसंच झालं. तिसऱ्यांदा वेगळ्या पद्धतीने वाचलं, दीड वर्ष लागलं, पण माझा खेळ खरंच बदलला, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी माणूस समजून घ्या, मग डाव. यात एक संध्याकाळ गेली तरी चालेल. ब्रॉनस्टाईनचा जन्म १९२४ चा, युक्रेनमधल्या बिला त्सेरक्वाचा. कीव्हमध्ये मुलांसाठी पायोनियर पॅलेस होता तिथे कॉन्स्टँटिनोपोल्स्की नावाच्या कोचकडे शिकला. स्टालिनच्या काळात वडिलांना पकडून छावणीत टाकलं होतं, ही गोष्ट त्याच्यासोबत आयुष्यभर राहिली. १९४८ ला सॉल्टशोबाडेनची इंटरझोनल (कँडिडेट्ससाठीची पात्रता स्पर्धा) जिंकली, १९५० ला बुडापेस्टच्या कँडिडेट्समध्ये बोलेस्लाव्हस्कीबरोबर पहिला आला, प्लेऑफ जिंकला आणि १९५१ ला मॉस्कोत थेट तेव्हाच्या चॅम्पियन बॉटविनिकसमोर बसला, वर्ल्ड चॅम्पियनशिपसाठी.

ती मॅच जरा निवांत बघा. २४ डावांची मॅच, २२ डाव झाल्यावर ब्रॉनस्टाईन ११.५-१०.५ ने पुढे. शेवटच्या दोन डावांत फक्त एक गुण पाहिजे होता. २३वा हरला, २४वा बरोबरीत सुटला, १२-१२, आणि नियमाप्रमाणे टायटल बॉटविनिककडेच राहिलं. आणि सहाव्या डावात तर एंडगेम बरोबरीचा होता, याने तब्बल ४५ मिनिटं विचार केला आणि राजा चुकीच्या घरात ठेवला, डाव तिथेच संपला. तो डाव नेटवर सहज मिळेल, शेवटच्या दहा चाली पटावर मांडून बघा. तो अर्धा गुण हातात असता तर काय झालं असतं हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी झुरिक. १५ खेळाडू, प्रत्येकाशी दोनदा, ३० फेऱ्या, सुरुवातीच्या फेऱ्या ऱ्हाइनच्या धबधब्याजवळ नॉयहाउझेनला आणि पुढच्या झुरिकला. स्मिस्लोव्ह १८ गुणांनी जिंकला, ब्रॉनस्टाईन, केरेस आणि रेशेव्हस्की १६ वर. म्हणजे हे पुस्तक त्याच स्पर्धेत खेळलेल्या आणि ती न जिंकलेल्या माणसाने लिहिलंय. रशियनमध्ये १९५६ ला आलं, इंग्रजीत १९७० च्या दशकाच्या शेवटी, आणि लिखाणात त्याचा मित्र बोरिस वाइनश्टाइनचा मोठा हात होता.

आता वाचायचं कसं.

खरा पट घ्या, लाकडी असो की रोल करायचा, पण सोंगट्या हाताने हलवा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, हे मी खूप मनापासून सांगतोय, कारण ॲपवर चाली ढकलत गेलं की डाव पाच मिनिटांत संपतो आणि डोक्यात काहीच राहत नाही. एक शाळेची वही घ्या.

सुरुवात गेलर विरुद्ध एव्हे या डावाने करा, दुसऱ्या फेरीतला. फक्त २६ चाली. एव्हे तेव्हा ५२ वर्षांचा, माजी वर्ल्ड चॅम्पियन, समोर २८ वर्षांचा गेलर, अंगावर धावून येणारा. पांढरा (गेलर) काळ्या राजाच्या बाजूला सगळं आणतो, हत्ती एच४ ला (घराचं नाव म्हणजे उभ्या रांगेचं अक्षर आणि आडव्या रांगेचा आकडा), २१व्या चालीला वजीर एच७ वर शह देतो, मग उंट एच६ ला. इथे थांबा. पुढची चाल कागदाने झाका आणि पूर्ण १५ मिनिटं काळ्याच्या बाजूने बसा. आपल्या राजाला कसं वाचवायचं हेच आपल्या डोक्यात येत राहतं. एव्हे २२व्या चालीला आपला हत्ती एच८ ला ठेवतो, म्हणजे चक्क पांढऱ्या वजिराच्या तोंडात! वजीर तो हत्ती खातो आणि कोपऱ्यात अडकतो, स्वतःच्या राजापासून लांब, आणि मग काळ्याचा दुसरा हत्ती सी२ ला घुसतो, बी७ वरच्या उंटाची नजर जी२ वर आधीपासून आहेच. चार चालींत गेलरने डाव सोडला. मी हा डाव पहिल्यांदा लावला तेव्हा रात्री साडेअकरा वाजले होते आणि मी परत परत २२व्या चालीवर येऊन बसत होतो.

आता वहीत मराठीत एकच वाक्य लिहा, या डावाने काय शिकवलं. माझं वाक्य होतं, "समोरच्याला आत येऊ दे, तो येतो तेव्हा त्याच्या घरी कोण आहे ते बघ." तुमचं वेगळं असेल, पण लिहा. डाव लावून झाला की वाक्य, वाक्य झाल्याशिवाय पुढचा डाव नाही.

ब्रॉनस्टाईन व्हेरिएशन्सचे (पुढे शक्य असलेल्या चालींच्या मालिकांचे) ढीग देत नाही, गोष्ट सांगतो, की या क्षणी कोणाच्या मनात काय होतं, ही चाल का, ती का नाही. म्हणून प्रत्येक डावात आधी त्याचा मजकूर वाचा, मग चाली लावा, मग मजकूर परत वाचा. दुसऱ्या वाचनात जे दिसतं ते पहिल्यात अजिबात दिसत नाही.

इंजिन (चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्राम) सगळ्यात शेवटी, आणि तेही दुसऱ्या दिवशी. काही ठिकाणी इंजिन वेगळं सांगेल, उदाहरणार्थ गेलरने २४व्या चालीला हत्ती सी१ ला आणायच्या ऐवजी डी५ ला प्यादं ढकललं असतं तर लढत बरीच लांबली असती. त्याने पुस्तकाची किंमत कमी होत नाही, उलट अशी जागा सापडली की वहीत वेगळ्या रंगाने लिहून ठेवा.

दुसरा डाव रेशेव्हस्की-पेट्रोसियन, तोही दुसऱ्या फेरीतलाच. २५व्या चालीला पेट्रोसियन हत्ती ई६ ला ठेवतो, उंटाला म्हणतो खा. का? तर घोड्याला ई७ वरून डी५ ला जायला वाट पाहिजे म्हणून, आणि तो घोडा एकदा तिथे बसला की पांढऱ्याची सगळी प्यादी अडकतात. डाव बरोबरीत सुटला, पण बचाव म्हणजे काय हे मला या एका चालीने कळलं. तिसरा अव्हेरबाख-कोटोव्ह, ३०व्या चालीला वजिराचं बलिदान, आणि पांढरा राजा उघड्यावर ओढला जातो आणि पुढच्या २० चाली तसाच उघड्यावर राहतो. मुलांना घेऊन बसायचं असेल तर हाच डाव घ्या, आमच्या सोसायटीतली पोरं हा डाव बघताना जागची हलली नव्हती.

हे तीन झाले की किंग्ज इंडियनचे (काळ्याने खेळायच्या एका ओपनिंगचे) डाव एकत्र काढा आणि सलग लावा. हा डिफेन्स उभा करण्यात ब्रॉनस्टाईन आणि बोलेस्लाव्हस्कीचा मोठा वाटा, त्यामुळे तिथे तो स्वतःच्या घरातलं बोलतो, डी६ वरचं मागे राहिलेलं प्यादं दिसायला लंगडं पण पाडायला किती अवघड, हे त्याच्याकडूनच शिकावं. काळ्या घरांची कमजोरी हा शब्द आपण सगळे वापरतो, पण तिथल्या घरांवरचा ताबा गेला की पांढऱ्या घरांवरची आपली प्यादी आणि मोहरेही कसे लुळे पडतात हे तो ज्या पद्धतीने दाखवतो त्यासाठी हे डाव दोनदा लावा.

वेग आठवड्याला दोन डाव, जास्त नको. छोट्या बरोबऱ्या खुशाल सोडा, नंतर वाचा.

पुस्तक अर्ध्यावर आलं की त्याचं पुढचं आयुष्य वाचा. १९७६ ला सोव्हिएत ग्रँडमास्टर कोर्चनॉय देश सोडून गेला तेव्हा त्याचा निषेध करणाऱ्या पत्रावर ब्रॉनस्टाईनने सही केली नाही, आणि त्याची किंमत त्याने मोजली, परदेशातल्या स्पर्धा बंद झाल्या. १९९५ ला टॉम फ्युर्स्टेनबर्गबरोबरचं त्याचं आत्मकथन आणि निवडक डावांचं पुस्तक आलं, ते झुरिकनंतर हातात घ्या, आधी नको. २००६ ला मिन्स्कमध्ये तो गेला.

मी सध्या दुसऱ्यांदा वाचतोय, ९०व्या डावाच्या आसपास आहे. पहिल्या वेळची वही शेजारी ठेवतो आणि डाव लावून झाल्यावरच उघडतो, बऱ्याच डावांखालची वाक्यं मी यावेळी बदललीयेत.